रक्तगट निगेटिव्ह असेल तर: पोटातल्या बाळाला रक्त देण्यापर्यंतची सगळी वाट

मी अमळनेर तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घरी कापसाची शेती आहे, माहेर दोंडाईचाचं. माझा रक्तगट बी निगेटिव्ह आणि यांचा ओ पॉझिटिव्ह. आमच्या धाकटीला पोटात असतानाच, सोनोग्राफीत बघत बघत, सुईनं रक्त द्यावं लागलं. आता ती अंगणवाडीत जाते. आसपासच्या गावांतल्या बायका, कधी त्यांच्या सासवा, फोन करून विचारतात: आमच्याही कार्डावर निगेटिव्ह लिहिलंय, पुढे काय करायचं? म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण कोणत्या दारात कोणता प्रश्न विचारायचा आणि तो कधी विचारायचा, हे मला नीट माहीत झालंय. आईच्या निगेटिव्ह रक्तामुळे पोटातल्या बाळाच्या लाल पेशी फुटतात, त्या या आजारात सगळा खेळ आठवड्यांचा आहे.

आधी दोघांचे रक्तगट

दिवस गेल्याचं कळलं की नोंदणीच्या वेळीच रक्तगट तपासतात आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहितात. तो स्वतः वाचा. बी, ओ, ए याला इथे महत्त्व नाही, पुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, म्हणजे आरएच, बघा. आपल्याकडे शंभर बायकांत साधारण पाच जणी निगेटिव्ह निघतात, म्हणजे प्रत्येक गावात कोणी ना कोणी आहेच. तुम्ही निगेटिव्ह असाल तर त्याच आठवड्यात नवऱ्याचा रक्तगट करून घ्या. "पोलीस भरतीच्या वेळी केला होता, पॉझिटिव्ह होता वाटतं" हे चालत नाही, कागद हवा. तोही निगेटिव्ह निघाला तर बाळही निगेटिव्हच होणार आणि या लेखातलं पुढचं काही तुम्हाला लागणार नाही. तो पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं, आणि इथून पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

माझ्या सासूबाईंना हे पटतच नव्हतं. "मायनं आनि लेकरुनं रगत येगयं कसं राही माय?" असं त्या म्हणायच्या. पण ते वेगळं असतं. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त वारेत शेजारून वाहतं, एकमेकांत मिसळत नाही. बाळंतपणात, गर्भपातात, कधी पोटाला मार बसला तर बाळाचं थोडं रक्त आईत उतरतं. बाळ पॉझिटिव्ह असेल तर निगेटिव्ह आईचं शरीर त्या पेशींना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडीज तयार करतं. याला वेळ लागतो, म्हणून पहिलं बाळ बहुतेक वेळा सुखरूप येतं. पुढच्या खेपेला त्या तयार अँटिबॉडीज वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या लाल पेशी फोडत राहतात. बाळाचं रक्त कमी होत जातं. फार कमी झालं की पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साचतं. आईला यातलं काहीच जाणवत नाही. मला एकही लक्षण नव्हतं, हे मुद्दाम सांगते, कारण "मला तर काही त्रास नाही" म्हणून पुष्कळ जणी तपासणी टाळतात.

कूम्ब्स टेस्ट आणि अँटी-डी

निगेटिव्ह बाईनं पहिल्याच भेटीत इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट मागायची. चिठ्ठीवर आयसीटी असं लिहितात. हाताच्या शिरेतून रक्त घेतात, त्यात त्या अँटिबॉडीज आहेत का ते बघतात. साध्या लॅबमध्ये होत नसेल तर त्या लॅबवाल्याला नमुना पुढे पाठवायला सांगा, किंवा रक्तपेढीत चौकशी करा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे विचारता येतं.

टेस्ट निगेटिव्ह आली तर उत्तम. ती 28 व्या आठवड्यात पुन्हा करायची आणि नमुना दिल्यावर लगेच अँटी-डीचं इंजेक्शन घ्यायचं, 300 मायक्रोग्रॅम. आईच्या शरीरात त्या अँटिबॉडीज तयारच होऊ नयेत म्हणून ते असतं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी रक्ताचा नमुना, मग इंजेक्शन. इंजेक्शननंतर काही आठवडे कूम्ब्स टेस्ट हलकी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि नवीन डॉक्टरचा गोंधळ उडतो. म्हणून इंजेक्शनची तारीख कार्डावर लिहून घ्या, शक्य तर रिकाम्या बाटलीचं लेबलही चिकटवून ठेवा.

दुसरं इंजेक्शन बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत, बाळ पॉझिटिव्ह असेल तर. यासाठी बाळ जन्मल्याबरोबर नाळेतलं रक्त तपासणीला जायला हवं. हे आधीच, कळा सुरू व्हायच्या आत, डॉक्टरांना आणि नर्सबाईंना सांगून ठेवा. माझं पहिलं बाळंतपण माहेरी एका खासगी दवाखान्यात झालं. कार्डावर बी निगेटिव्ह लिहिलेलं होतं. "पहिलंच आहे, काही होत नाही" असं आम्हाला सांगितलं, बाळाच्या रक्तगटाचा रिपोर्ट आम्ही घरी गेल्यावर आला, आणि तो पॉझिटिव्ह आहे हे कळवायला कोणी फोनही केला नाही. धाकटीच्या वेळचं सगळं त्या न दिलेल्या एका इंजेक्शनातून आलं. 72 तास उलटून गेले असतील तरी गप्प बसू नका. दहा दिवसांपर्यंतही थोडाफार फायदा होऊ शकतो, म्हणून कळल्याबरोबर जाऊन विचारा.

बाळंतपणाशिवायही हे इंजेक्शन लागतं: गर्भपात झाला किंवा केला तर, गर्भ नळीत राहिला तर, मधेच अंगावरून रक्त गेलं तर, मोटारसायकलवरून पडून पोटावर आपटलं तर, पोटात सुई घालून गर्भजल किंवा वारेचा तुकडा तपासला तर. पहिल्या बारा आठवड्यांतल्या गर्भपातात ते द्यावं की नाही यावर डॉक्टरांत आता एकमत नाही, पण विचारायचं नक्की. मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच मोकळ्या होणाऱ्या बायकांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. तिथे रक्तगट कोण बघणार?

आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी. पहिली, हे इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असतो. धुळ्याहून किंवा जळगावहून विकत आणायचं असेल तर बर्फाच्या पाकिटासह थर्मासमधून आणा, पण बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं तरी ते वाया जातं. एसटीत पिशवी खिडकीशी ठेवू नका. त्यापेक्षा दवाखान्यालाच मागवून ठेवायला सांगणं चांगलं. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत असतं, तर तिथे "अँटी-डी आहे का, नसेल तर केव्हा येईल" हे सातव्या महिन्याच्या आधी विचारून ठेवा.

दुसरी, आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासरी सहा-सात महिने एक डॉक्टर, ओटी भरली की माहेरी दुसरा. कागद सासरच्या कपाटात राहतात. फाईल बाईबरोबर गेली पाहिजे, आणि फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेननं लिहा: आरएच निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह, अँटी-डी अमुक तारखेला. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा, आईच्या आणि नवऱ्याच्या दोघांच्या फोनमध्ये.

हे औषध माणसांच्या रक्तापासून होतं, ते मला फार मोलाचं वाटतं. ज्यांच्या रक्तात या अँटिबॉडीज आहेत अशा दात्यांच्या प्लाझ्मातून ते काढतात. 1968 पासून ते वापरात आहे. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन यांनी 18 व्या वर्षापासून 81 व्या वर्षापर्यंत 1,173 वेळा प्लाझ्मा दिला. ते 2025 च्या फेब्रुवारीत गेले. ती बातमी मी वर्गात मुलांना वाचून दाखवली होती.

कूम्ब्स पॉझिटिव्ह आली तर

आता अँटी-डीचा उपयोग नाही. अँटिबॉडीज एकदा शरीरात तयार झाल्या की ते इंजेक्शन त्यांना पुसून टाकत नाही. कोणी "तरी घेऊन टाका" म्हणालं तर का म्हणून विचारा. आता हवा तो आकडा, टायटर, म्हणजे रक्तात त्या अँटिबॉडीज किती आहेत त्याचं माप. 1:4, 1:8, 1:16 असा तो येतो. बहुतेक ठिकाणी 1:16 किंवा 1:32 ही धोक्याची पायरी धरतात. त्याखाली असेल तर दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. पण आधीच्या बाळाला याच कारणानं पोटात रक्त द्यावं लागलं असेल, किंवा ते पोटात पाणी साचून गेलं असेल, तर टायटरच्या भरवशावर थांबू नका. सोळाव्या-अठराव्या आठवड्यापासूनच डॉपलर सुरू करावं लागतं.

डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच. बाळाच्या मेंदूतल्या एका शिरेत, तिला एमसीए म्हणतात, रक्त किती वेगानं वाहतंय ते मोजतात. रक्त पातळ झालं की त्याचा वेग वाढतो, पातळ वरण पळीतून भरभर ओघळतं तसं. म्हणजे सुई न टोचता बाळाला पंडुरोग झालाय का याचा अंदाज येतो. आकडा आठवड्याप्रमाणे बदलतो. त्या आठवड्याच्या मधल्या आकड्याच्या दीडपट झाला की धोका. साधारण 24 व्या आठवड्यात सेकंदाला 46 सेंटिमीटर, 28 व्या आठवड्यात 55 च्या वर गेला तर पुढच्या केंद्रात जायची वेळ आली असं समजा. रिपोर्टवर "एमसीए पीएसव्ही" आणि त्यापुढे "एमओएम", म्हणजे मधल्या आकड्याच्या किती पट, ते शोधा. 1.5 ही ती रेघ. ही तपासणी आठवड्या-दोन आठवड्यांनी करावी लागते, आणि ती नेहमी करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावी. शीर थोडी तिरकी पकडली तर आकडा चुकतो. बाळ हलत असेल तर थांबावं लागतं. माझ्या वेळी डॉक्टर बराच वेळ नुसते वाट बघत बसले होते आणि मला ते आवडलं.

दर सोनोग्राफीला फॉर्म एफ भरावा लागतो, ओळखपत्र लागतं. 1994 च्या कायद्यानं बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी आहे. एवढ्या वेळा सोनोग्राफी होते म्हणून नात्यातलं कोणी तरी "एकदा विचारून तर बघा" म्हणणारच. त्यांना घराच्या दारातच थांबवा. आजारी बाळावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला असला प्रश्न विचारू नये.

पोटात रक्त देणं

हे जिल्ह्याच्या ठिकाणी होईलच असं धरून चालू नका. फीटल मेडिसिनचे, म्हणजे पोटातल्या बाळावर उपचार करणारे, डॉक्टर लागतात, तशी केंद्रं मुंबई-पुण्यात आहेत. पहिल्या फोनवर तीन गोष्टी विचारा: तुमच्याकडे पोटातल्या बाळाला रक्त देतात का, नियमित देतात का, आणि गरज पडली तर तिथेच सिझेरियन आणि नवजात अतिदक्षता विभाग आहे का. तिसरं उत्तर नाही असेल तर दुसरं केंद्र शोधा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, दाखल झाल्यावर नाही.

मग रक्त. बाळाला साधारणपणे ओ निगेटिव्ह देतात, आणि ते आईच्या रक्ताशी जुळवून बघतात, कारण आईच्याच अँटिबॉडीज ते फोडणार असतात. ताजं हवं, शक्यतो पाच दिवसांच्या आतलं. घट्ट केलेलं हवं, म्हणजे थोड्या जागेत जास्त पेशी जातात. पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि किरण दिलेलं, म्हणजे इरॅडिएटेड हवं, आणि ती सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते. हे सगळं केंद्राची रक्तपेढी बघते, पण दाता तुम्हाला शोधावा लागू शकतो. ओ निगेटिव्ह माणूस सापडणं सोपं नाही. आम्ही गावाच्या, शाळेच्या आणि माहेरच्या ग्रुपवर निरोप टाकला, तेव्हा दाता मिळाला तो यांच्या मावसभावाच्या ओळखीतला कल्याणचा मुलगा. ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर कुठल्या रक्तपेढीत कोणत्या गटाचा किती साठा आहे ते दिसतं, तेही बघा. दाता गावाकडून नेण्यापेक्षा केंद्राच्या शहरातला असेल तर बरं, तारीख मागेपुढे झाली तरी अडत नाही.

प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि भीती त्याचीच जास्त होती. उपाशी पोटी जायचं. आईला पूर्ण भूल देत नाहीत. पोटाच्या कातडीला बधिर करतात, थोडं शांत वाटायला औषध देतात. सोनोग्राफीत बघत एक लांब बारीक सुई पोटातून आत घालतात. नाळ वारेला जिथे चिकटलेली असते तिथे ती हलत नाही, म्हणून तिथली शीर पकडतात. वार पाठीमागच्या बाजूला असेल तर कधी बाळाच्या लिव्हरमधली शीर घेतात. आधी बाळाचं थेंबभर रक्त काढून तिथल्या तिथे हिमोग्लोबिन बघतात. बाळानं हात मारून सुई हलवू नये म्हणून त्याला थोडा वेळ सैल करणारं औषध देतात. मग सिरिंजनं हळूहळू रक्त सोडतात. बाळाच्या वयाप्रमाणे वीस-तीस मिलीपासून शंभर मिलीपर्यंत. सोडलेलं रक्त नाळेत चमकत जाताना पडद्यावर दिसतं. शेवटी पुन्हा तपासून सुई काढतात. दुखणं सोसण्याजोगं असतं. हलायचं नाही, एवढंच अवघड. बाळाची हालचाल पुढचे काही तास कमी वाटते, ते त्या औषधामुळे. हे आधी माहीत नसेल तर जीव घाबरा होतो.

धोका आहे. अनुभवी हातांत दर वेळी बाळ दगावण्याची शक्यता शंभरात एक-दोन अशी सांगतात, बाळाच्या अंगात पाणी साचलेलं असेल तर जास्त. ठोके मंदावू शकतात, आणि बाळ जगण्याजोग्या आठवड्यांत असेल तर तातडीनं सिझेरियन करावं लागतं. त्यासाठीच बऱ्याचदा फुप्फुसांच्या वाढीसाठी आईला आधी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. सही करण्याआधी हे सगळं तुम्ही आणि नवऱ्यानं दोघांनी ऐकून घ्या. काहीच न करण्याचा धोका किती, हेही त्याच बैठकीत विचारा. आमचा निर्णय त्या उत्तरावर झाला. पाणी साचायच्या आत रक्त दिलं तर चांगल्या केंद्रांत दहातली नऊहून जास्त बाळं वाचतात.

एकदा देऊन भागत नाही. दिलेल्या पेशी संपत जातात आणि बाळ मोठं होत जातं, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. साधारण 35 व्या आठवड्यापर्यंत हे चालतं, मग 37-38 व्या आठवड्यात बाळंतपण. म्हणून राहण्याची सोय आधी बघा. दर खेपेला जळगावहून रात्रीची गाडी पकडणं नंतर अंगावर येतं. आम्ही ठाण्याला नणंदेकडे राहिलो. कापूस वेचणीचे दिवस होते, यांना गावी परतावं लागलं, तेव्हा माझी आई येऊन राहिली. सोबत एक बाईमाणूस हवंच.

घरी आल्यावर ताप, पोटात कळा, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, दुसऱ्या दिवशीही बाळ कमी हलणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात जायचं आणि केंद्राच्या डॉक्टरांना रस्त्यातून कळवायचं.

पोटातल्या बाळाला रक्त देता येतं हे जगाला कळलं 1963 साली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला विल्यम लायली या डॉक्टरांनी बाळाच्या पोटाच्या पोकळीत रक्त सोडलं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, एक्स-रेवर काम चालायचं. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग ते लेकरु जगनं का?" जगलं, असं सांगितल्यावर त्या तयार झाल्या.

जन्मानंतर

बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच करा, माहेर असो की सासर. जन्मताच नाळेतल्या रक्तातून रक्तगट, डायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या पेशींना आईच्या अँटिबॉडीज चिकटल्यात का ते), हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन (कावीळीचा आकडा) करतात. कावीळ पहिल्याच दिवशी येऊ शकते आणि भराभर चढते. निळ्या लाइटखाली ठेवतात, फार वाढली तर रक्त बदलतात. "कोवळ्या उन्हात धरा, उतरेल" हे या कावीळीला लागू नाही. आईचं दूध द्यायला काही हरकत नाही, दुधातल्या अँटिबॉडीजनं बाळाला अपाय होत नाही.

घरी आल्यावर बाळ गुटगुटीत दिसलं तरी तीन महिने सोडू नका. आईच्या अँटिबॉडीज बाळाच्या अंगात तेवढा काळ टिकतात, आणि पोटात रक्त मिळालेल्या बाळाची स्वतःची रक्त तयार करण्याची गती मंदावलेली असते. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन करा. दूध ओढताना दमणं, घाम येणं, फिकट पडणं ही खूण. लोहाचं औषध स्वतःच्या मनानं सुरू करू नका, या बाळांच्या अंगात लोह आधीच भरपूर असू शकतं.

आणि एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. नंदुरबार, धुळे, चोपडा, यावलच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे, आणि बाळाची सिकलची तपासणी होते. पोटात रक्त मिळालेल्या बाळाच्या अंगात जन्माच्या वेळी बहुतांश रक्त दात्याचं असतं. रक्तगटसुद्धा दात्याचाच, ओ निगेटिव्ह, दाखवू शकतो. आमच्या धाकटीचा तसाच आला होता. अशा वेळी सिकलचा रिपोर्ट "नाही" आला तरी तो बाळाचा धरू नका. शेवटचं रक्त दिल्यावर निदान चार महिने जाऊ द्या, मग रक्तगट आणि सिकल दोन्ही पुन्हा करा, आणि जुना रिपोर्ट फाईलमध्ये ठेवून त्यावर "रक्त दिल्यानंतरचा" असं लिहा. आई-बाप दोघांची सिकल तपासणी तर गर्भारपणाच्या सुरुवातीलाच, रक्तगटाबरोबर उरकून घ्यावी. दोघंही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक बाळ आजारी असण्याची शक्यता असते आणि त्याची तपासणी वारेतून किंवा गर्भजलातून करता येते, पण तीही आठवडे बघूनच.

पुढच्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच फीटल मेडिसिनच्या डॉक्टरांना भेटा. दर खेपेला हा आजार लवकर आणि जास्त जोरानं येऊ शकतो. नवऱ्याच्या रक्तातून त्याच्याकडे पॉझिटिव्ह जनुकाच्या दोन प्रती आहेत की एक, हे बघता येतं. एक असेल तर बाळ निगेटिव्ह असण्याची निम्मी शक्यता, आणि तसं असेल तर त्याला काहीच होत नाही. आमचं कुटुंब दोन मुलींवर पूर्ण आहे. थोरलीचा आणि धाकटीचा दोघींचा खरा रक्तगट पॉझिटिव्ह आहे, आणि तो दोघींच्या आधार कार्डाच्या पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवलाय.